स्प्लेंडरवाल्याला हात करायचा नाही असा काही नियम आहे का?

होंड्याचा_हीरो (होंडा, सत्तरी)

मंडळी, दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

गाडी स्प्लेंडर, २००९ ची. म्हणजे टाकीवर अजून 'हीरो होंडा' असं जोडनाव असलेली. पुढे त्या दोन कंपन्यांची काडीमोड झाली आणि नव्या टाक्यांवरून होंडा गेलं. माझ्या टाकीवरचं मात्र मी जिवापाड जपलंय, कारण मी गोव्यात राहतो त्या गावाचंच नाव होंडा. मुंबईचा पाहुणा आला की एकदा तरी विचारतो, कंपनीवरून गावाला नाव पडलं का? आम्ही हो म्हणतो. कुठे वाद घालत बसायचं.

धंदा पंपदुरुस्तीचा. सत्तरी, डिचोली आणि थोडं फोंड्याकडे, कुळागरांतले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतले, पाण्याचे पंप. मागे कॅरियरला लोखंडी पेटी. तिच्यात पाइप पाने, बेअरिंगं, ग्लँडची दोरी, फूटव्हॉल्व्हचे वायसर. कधी मागच्या सीटवर अख्खी मोटर बांधून आणतो. सामानासाठी महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगावला जाऊन येतो. एवढं अशासाठी सांगतोय की मी शौकाने गाडी चालवणारा नाही, पण तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा जास्त चालवतो.

तर झालं असं. चतुर्थीला चार दिवस होते. बेळगावहून परत येताना घाट उतरायला लागलो आणि मागचं चाक डुलायला लागलं. उतरून बघतो तर दोन इंची खिळा. पाऊस असा की हेल्मेटची काच वर केली तरी पंचाईत, खाली केली तरी पंचाईत. पेटीत दोन नव्या बेअरिंगच्या जोड्या आणि एक इम्पेलर, म्हणजे ढकलत न्यायचा विषय नाही. एका वळणावर जागा होती, वरून पाणी पडत होतं, तिथे गाडी बाजूला घेतली. झाडाची डहाळी मोडून चार पावलं मागे रस्त्यावर ठेवली आणि उभा राहिलो.

एक कदंब बस गेली. गाड्या गेल्या. एक ॲक्टिव्हावाली बाई थांबली होती, तिच्याकडून काय होणार म्हणून मीच तिला जा म्हटलं. मग वरून आवाज आला आणि एकापाठोपाठ अकरा मोठ्या गाड्या उतरल्या. अकरा मोजल्या, कारण दुसरं काही काम नव्हतं. पावसाळी जाकिटं, दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे जास्तीचे दिवे, झकास ताफा. मी हात वर केला. पहिल्याने बघितलं आणि मान समोर केली. दुसऱ्याने अंगठा दाखवला. अंगठा! तिसऱ्यानेही. शेवटच्याने तर दोनदा हॉर्न वाजवला, अगदी खुशीत. माझा हात वरच. मग तोच हात कपाळावरून फिरवून खाली आणला, जसा काही पाऊस पुसायलाच वर केला होता. बघायला कोणी नव्हतं, तरीपण.

पुढची गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. पाचेक मिनिटांनी एक ड्यूक गेली. नारिंगी चाकं, सायलेन्सर फाडलेला. साखळी ते होंडा रस्त्यावर ही पोरं रोज संध्याकाळी जातात आणि मी त्यांच्या सायलेन्सरला उद्देशून जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही गाडी खालच्या वळणापर्यंत गेली, थांबली, आणि परत वर आली. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा.

"कितें जालें काका?"

पंक्चर म्हटलं. त्याने लगेच पाठपिशवीतून सुया आणि रबरी वाती काढल्या. मी म्हटलं, बाबा, ट्यूब आहे आत. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी बैलगाडीतून आलोय. "ट्यूब? अजून?" मग त्याने चार्जिंगचा एक हवेचा पंप काढला, चहाच्या कपाएवढा. आता बघा, मी चोवीस वर्षं पंपवाला, आणि घाटात पंप निघाला त्या पोराच्या पिशवीतून.

खिळा काढायचा नाही असं दोघांचं ठरलं. आहे तिथे राहिला तर भोक थोडं तरी बुजलेलं राहतं. तिसापर्यंत हवा भरली, निघालो, दीड-दोन किलोमीटरवर परत बसली. परत भरली. अंजुणे धरणाचं पाणी दिसेपर्यंत चारदा आणि केरीत शिरताना एकदा, असं पाच वेळा. सगळा वेळ तो माझ्या मागे, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लुकलुकत ठेवून. वीसच्या वेगाने. त्या गाडीला वीसने चालायची सवय नसावी, तिच्या रेडिएटरच्या पंख्याचा आवाज माझ्या इंजिनापेक्षा मोठा येत होता. केरीत पंक्चरवाल्याकडे गाडी लावून म्हटलं, चल, निदान चहा घे. तर म्हणाला, आई वाट बघत असेल, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं आहे. गेला. नाव विचारायचं राहिलं.

आता प्रश्न. त्या अकरा जणांनी का थांबलं नाही हा माझा प्रश्न नाही. माणसाला घाई असते, पाऊस असतो. माझा प्रश्न त्या अंगठ्याचा आहे. साखळीच्या पेट्रोल पंपावर मी बघतो, बुलेटवाला बुलेटवाल्याला मान हलवतो, हिमालयनवाला हिमालयनवाल्याला हात करतो, ओळख ना पाळख. मजा वाटते बघायला. पण आमच्याकडे बघताना तीच नजर पेट्रोलच्या मीटरवर जाते. तर हे नक्की किती सीसीपासून सुरू होतं? माझी ९७.२ आहे. खरंच विचारतोय, टोमणा नाही. (थोडा आहे.)

---

जुनी_साडेतीनशे (म्हापसा)

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला ठाऊक आहे, कारण हा हात करण्याचा प्रकार आमच्या वेळेला प्रेमातून नव्हे, गरजेतून होता.

माझी बुलेट ८६ ची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. चालू करायची म्हणजे विधी होता. डीकॉम्प्रेसरची पट्टी ओढायची, अँपिअरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूच दाबायची, पट्टी सोडायची आणि मग एकच, पूर्ण वजनाने. चुकलात तर नडगी गेली. तेव्हा म्हापशाहून पणजीला जाताना समोरून बुलेट आली तर ती कोणाची हे आवाजावरून कळायचं, एवढ्या कमी होत्या. क्लचची केबल तुटली तर जवळच्या दुकानात मिळायची नाही, मिळायची ती दुसऱ्या बुलेटवाल्याच्या सीटखाली. म्हणून समोरून बुलेट दिसली की हात करायचा. त्याचा अर्थ 'राम राम' असा नव्हता, 'चाललंय ना? माझ्याकडे केबल आहे' असा होता. एझदीवाल्यांचंही तसंच. त्यांची तर किक आणि गिअर एकाच दांडीला, त्यांना आमच्यापेक्षा जास्त सहानुभूती लागायची.

आता दर दुसऱ्या घरात क्लासिक आहे, बटण दाबलं की चालू होते, केबल कोणी जवळ ठेवत नाही. हात करणं तेवढं राहिलं. देऊळ पडलं तरी आपण येता-जाता घंटेच्या जागी हात लावतोच की.

आणि रागावणार नसाल तर एक सांगतो. स्प्लेंडरवाल्याने स्प्लेंडरवाल्याला हात करायचं ठरवलं तर हँडल धरायला हात उरणार नाही. साखळी बाजारातून एकदा करून बघा.

---

घाटवेडा_बेळगाव

मी त्या अकरांतला नाही, पण असल्या ताफ्यांत पुष्कळदा असतो. म्हणून थोडी आमची बाजू मांडतो. राग मान्य करूनच.

पहिली गोष्ट, चोर्ल्यात श्रावणात वळणावर उभी असलेली गाडी आणि वरून पडणारं पाणी म्हणजे फोटो. दर अर्ध्या किलोमीटरला कोणीतरी तसाच उभा असतो आणि हातही करतो. तुमच्या गाडीचं चाक बसलेलं वरून येणाऱ्याला दिसणार नाही, पेटी आड येते. अंगठा म्हणजे 'मजा करा' असा होता, 'मरा' असा नव्हता.

दुसरी गोष्ट, ताफ्यात मधल्याने थांबायचं नसतं. आम्ही नागमोडी रांगेत चालवतो, एक रस्त्याच्या उजवीकडून, पुढचा डावीकडून. मधला एकदम थांबला तर ओल्या उतारावर मागचे तिघं त्याच्यावर. थांबायचं काम शेवटच्याचं. त्याच्याकडे हत्यारं, पंक्चरचं सामान, औषधाची पेटी असते. म्हणजे तुमचा खरा गुन्हेगार तो दोनदा हॉर्न वाजवणारा. त्याने तरी थांबून विचारायला हवं होतं, त्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे. हात करण्याची रीत आपण बाहेरून उचलली आणि ती आपल्या रस्त्याला नीट बसतच नाही. तिकडे पुष्कळ देशांत गाड्या उजवीकडून चालतात. उजवा हात ॲक्सिलरेटरवर, मोकळा तो डावा, आणि डावाच समोरून येणाऱ्याच्या बाजूला. त्यांना सोपं आहे. आपण डावीकडून चालवतो. आपला मोकळा हात गटाराच्या बाजूला. समोरच्याला तो दिसायला डोक्याच्या वर न्यावा लागतो, आणि घाटात तो क्लचवरून काढायची सोय नसते. म्हणून आपल्याकडे मान हलवणं आणि दिवा मारणं जास्त चालतं. मी स्वतः मान हलवतो. हेल्मेटमधून मान हलवली की लोकांना वाटतं खड्ड्यातून गेला. फ्रान्समध्ये तर ओव्हरटेक करताना वाट देणाऱ्याचे आभार मानायला उजवा पाय बाहेर काढतात, कारण हात मोकळा नसतो. इकडे कोणाला पाय दाखवून बघा.

अजून एक. बाहेर खूप ठिकाणी खूण आहे, गाडी बंद पडली तर हेल्मेट काढून गाडीजवळ जमिनीवर ठेवायचं. दुचाकीवाला बघतो आणि समजतो. तुम्ही हेल्मेट घालून उभे होतात?

---

होंड्याचा_हीरो

@जुनी_साडेतीनशे, केबलचं पटलं. घंटेचंही.

@घाटवेडा, माहिती चांगली दिलीत, पण त्या पावसात हेल्मेट जमिनीवर ठेवलं असतं तर पाच मिनिटांत त्यात बेडूक राहायला आला असता. आणि मी डहाळी ठेवली होती की. डहाळी आणि दगड ठेवला म्हणजे पुढे गाडी बंद आहे हे इकडे ट्रकवाल्यांच्या क्लीनरपासून सगळ्यांना कळतं. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या रस्त्याला दर मैलाला एक डहाळी असायची. म्हणजे माझी खूण तुम्हाला येत नाही आणि तुमची मला येत नाही, असं झालं का?

---

घाटवेडा_बेळगाव

डहाळी मला कळते, मी बेळगावचा आहे. पण ते अकरा जण पुण्या-मुंबईचे असतील तर त्यांना वाटलं असेल, वादळात पडली.

---

मोजे_वाळत_नाहीत

तो चार्जिंगचा पंप कुठला होता? किती दिवस शोधतोय. स्वस्तातले तिसापर्यंत जाताना धापा टाकतात.

---

साखळीची_ताई

मी माध्यमिक शाळेत शिकवते, साखळीहून फोंड्याला रोज स्कूटरने ये-जा. दिवसाला पन्नासच्या वर किलोमीटर, पावसाळ्यासकट, चौदा वर्षं. या ठिकाणी 'बाइकर' शब्द आला की माझी गाडी त्यात धरत नाहीत हे मला माहीत आहे, त्यामुळे मीही नुसतीच वाचत असते. पण हीरोभाऊंच्या पोस्टमधलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही.

"एक ॲक्टिव्हावाली बाई थांबली होती, तिच्याकडून काय होणार म्हणून मीच तिला जा म्हटलं."

भाऊ, तुम्ही अकरा गाड्या मोजल्यात. ड्यूकवाल्याला चांगला दीड परिच्छेद दिलात. आणि त्या सगळ्यांच्या आधी जी थांबली तिला अर्धी ओळ? ती थांबली, तेही ओल्या उतारावर, एकटी, अनोळखी पुरुषासाठी. तिला काय येत होतं ते तुम्ही विचारलंत का? तिच्या डिकीत पंप असेल. नसेल तरी ती तुम्हाला मागे बसवून केरीपर्यंत नेऊ शकली असती, किंवा पंक्चरवाल्याला घेऊन येऊ शकली असती. निदान त्याला निरोप तरी. मग तो मुलगा यायची गरजच पडली नसती. (ती मी नव्हे. मी त्या आठवड्यात घाटात गेलेच नाही. कोणी तसा अर्थ काढू नये.)

आणि हात करण्याचं म्हणाल तर मला चौदा वर्षांत कोणी हात केलेला नाही, मीही कोणाला केलेला नाही. पण रस्त्यावर मला ओरडून सांगितलेली वाक्यं मी सांगू शकते. एक, "बाय, स्टँड!" दोन, "बाय, ओढणी!" तीन, मूठ उघडझाप करून, दिवसा लाइट चालू राहिलाय म्हणून. हे मला ट्रकवाल्यांनी सांगितलंय, पाव विकणाऱ्या पोदेराने त्याचा भोंगा वाजवून सांगितलंय, मागे बसलेल्या आणि मांडीवर केळीचा घड घेतलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलंय, आणि फाडलेल्या सायलेन्सरच्या पोरांनी तर कितीदा. उसगावच्या पुढे एकाने ओढणीसाठी माझा जवळजवळ किलोमीटरभर पाठलाग केला. मला वाटलं छेड काढतोय, म्हणून मी वेग वाढवला. त्यानेही वाढवला. शेवटी बरोबरीला येऊन ओरडला तेव्हा कळलं की टोक चाकाला टेकायला चार बोटं राहिली होती. कोणी सीसी विचारले नव्हते, आणि सांगून झाल्यावर कोणी थांबलंही नाही.

लाइटची खूण आता गेली. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचे दिवे कायम चालूच असतात, त्यामुळे सांगायचं काय. जुन्या माणसांचा हात अजून उघडझाप करतो, मी त्यांना मान हलवते. स्टँडचंही जाईल हळूहळू, बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. ओढणी राहील.

तर तुमचा प्रश्न तुम्हालाच विचारते. तुम्ही हात कोणाला करता?

---

पिवळो_मडगार्ड (पणजी)

ताई, बरं विचारलंत. हीरोबाब काय उत्तर देतात ते मलाही वाचायचं आहे.

मी पायलट. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, विमानाचा नव्हे. पुढचा मडगार्ड पिवळा असलेली भाड्याची मोटारसायकल, मागे एक गिऱ्हाईक. कदंब स्टँडजवळ आमचा नंबर लागतो. माझं मराठी शाळेतलं आहे, चुका होतील.

आम्हाला हात करणारे रोज शंभर असतात. त्यांना कुठेतरी जायचं असतं म्हणून! बाकी मोठ्या गाडीवाल्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात वागातोरला त्यांचे मेळे असले की ते येतात, माझ्या मडगार्डचा फोटो काढतात, गाडीवर बसू का विचारतात. आठ-दहा लाखांच्या गाडीवरून उतरून माझ्या गाडीवर बसतात आणि दोन बोटं दाखवतात. बसू देतो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या स्कूटी आल्या तेव्हापासून आमची भाडी कमी झाली, खोटं का बोलू, त्यांच्याकडे बघून मी हसत नाही. पण मिरामारच्या वाळूत त्यांची चाकं रुतली की ढकलायला आम्हीच असतो.

वर फ्रान्सच्या पायाचं वाचलं. आमच्याकडेही पाय आहे. पेट्रोल संपलं की आम्ही मागून येतो, त्याच्या फूटरेस्टला पाय लावतो आणि गाडी ढकलत पंपापर्यंत नेतो. तो न्यूट्रलवर, मी दुसऱ्या गिअरवर. मेरशीच्या सर्कलपासून पाटोपर्यंत कितीजणांना नेलं असेल. नियमात बसत नाही, मुलांनी करू नये. एकदा एका भल्यामोठ्या क्रूझरला पाय लावून पाहिला. ती तशीच उभी, मीच मागे सरकलो. शेवटी बाटलीतून पेट्रोल आणून दिलं. त्या माणसाने मला मिठी मारली, असा भिजलेला, लेदरसकट.

आणि सीसीचा प्रश्न सरकारने केव्हाच सोडवलाय. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ ला झाला, त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे. पाटीवर नुसती दुचाकी काढलीय आणि तिच्यावर लाल रेघ. किती सीसीची ते काढलेलं नाही. माझ्या पिवळ्या मडगार्डला बंदी आणि त्या क्रूझरलाही. दोघं जुन्या पुलावर एकाच ट्रॅफिकमध्ये सडतो, तिथे बोलणं होतं. तिथेच सगळ्यात जास्त होतं.

---

जुनी_साडेतीनशे

@साखळीची_ताई, माझी मुलगी स्कूटर चालवते आणि तिलाही मी इतकी वर्षं 'बाइक चालवत नाही' असंच म्हणत आलो. आज तिला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, पप्पा, तुमची बुलेट बंद पडली की तुम्हाला आणायला कोण येतं? अडचणीचा प्रश्न आहे.

---

होंड्याचा_हीरो

ताई, उत्तर द्यायला आठवडा लागला. कामं होती, पण तेच एक कारण नाही.

खरं सांगायचं तर मी कोणालाच हात करत नाही. ड्यूकवाल्यांना शिव्या देतो, स्कूटरवाल्यांना हॉर्न मारतो, पायलटांना नुसता ओव्हरटेक करतो. आणि त्या बाई. तुम्ही लिहिल्यावर आठवायला बसलो. निळा रेनकोट होता. गाडी बेळगावची होती की इकडची, ते आठवत नाही. त्यांनी गाडी बंदसुद्धा केली होती, म्हणजे पुढे काही विचारणार होत्या. मी हातानेच 'जावा जावा' केलं, जसं आपण गुरं हाकलतो. त्यांनी काच खाली केली आणि गेल्या. त्या अकरा जणांनी निदान अंगठा तरी दाखवला होता.

म्हणून ठरवलं, आठवडाभर करून बघू. त्याचा हिशेब देतो.

सोमवारी कुळागरात काम होतं, उसगावला. तिठ्यावर एक पायलट उभा होता. मी जाता जाता हात केला. तो लगेच किक मारून माझ्या मागे. पुढे जाऊन थांबलो तर बरोबरीला आला आणि म्हणाला, "खंय वचपाचें?" म्हटलं, कुठेच नाही, सहज केला हात. त्याने माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुका गाडी आसा मरे!" @पिवळो_मडगार्ड, तुमच्यातल्या कोणी हे सांगितलं तर तो मीच.

बुधवारी चोडणला जायचं होतं, एका बागेतला सबमर्सिबल काढायला. रायबंदरच्या फेरीबोटीत नेहमीसारख्या गाड्या कोंबलेल्या, हँडलात हँडल. माझ्या एका बाजूला मासळीवालीची टोपली बांधलेली एक्सएल मोपेड, दुसऱ्या बाजूला ॲडव्हेंचरवाली मोठी गाडी, पेट्यांसकट. त्या पेट्यांमुळे त्याला तसूभर हलता येईना आणि एक्सएलच्या टोपलीतलं पाणी त्याच्या बुटात गळत होतं. मी म्हटलं, जरा पुढे घ्या, मी धरतो. धरली. काय वजन हो! तो म्हणाला, थँक्यू. मी म्हटलं, डाव्या पेटीचं कुलूप उघडं आहे. त्याने बघितलं, लावलं. फेरी लागली, सगळे निघाले. वर चढावर त्याने डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवली. मला की मासळीवालीला, ते कळलं नाही. @घाटवेडा, हात गटाराच्या बाजूलाच होता, तुमचं बरोबर आहे.

स्कूटरवाल्या बायकांना हात करायचं मी केलं नाही. ताई, ते चुकीचं दिसेल. पण दोघींना ओढणी सांगितली. एकीने वेग वाढवला, तुमच्यासारखाच. मग मी मागून हॉर्न मारत गेलो नाही, पुढे जाऊन थांबलो आणि ती जवळ येताच लांबूनच खूण केली. त्याने काम झालं. दुसरी वळून म्हणाली, "ठाऊक आसा काका, बांधलेली आसा." बांधलेलीच होती.

शेवटी शुक्रवारी स्वतःच्या जातीवर आलो. पिसुर्लेच्या अलीकडे समोरून स्प्लेंडर, माझ्यासारखीच जुनी, काळी, निळे पट्टे. हात वर नेऊन उपयोग नाही हे इथे वाचलं होतं, म्हणून दोनदा दिवा मारला. त्याने तिथल्या तिथे ब्रेक दाबला, आरशाला अडकवलेलं हेल्मेट काढलं, डोक्यावर चढवलं, पट्टा बांधला आणि मला थांबवून हळूच विचारलं, "खंय आसात? पुलाकडेन?"

मला आधी कळेना. मग कळलं, पोलीस. दिवा मारला म्हणजे पुढे तालांव, म्हणजे दंडाची पावती, देतायत, हाच अर्थ. म्हटलं, नाही हो, कोणी नाही. स्प्लेंडर दिसली म्हणून मारला.

"म्हणून?" तो म्हणाला.

म्हणून, म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. हेल्मेट काढून परत आरशाला अडकवलं. मग माझ्या टाकीकडे बघून म्हणाला, "होंडा पुसलं नाही अजून." आणि स्वतःची टाकी दाखवली. त्याचीही होती तशीच. मी म्हटलं, माझं गावच ते. तो म्हणाला, माझी सासुरवाड. दहा मिनिटं बोललो. त्याच्या विहिरीवरचा पंप आवाज करतो म्हणाला, रविवारी जातोय बघायला.

@मोजे_वाळत_नाहीत, पंपाचं नाव मी बघितलं नाही. पाऊस होता. निळा होता, आणि धापा टाकत नव्हता. तो पोरगा दिसला तर विचारून सांगतो. हल्ली साखळीहून येताना मागून तसा आवाज आला की मी गाडी कडेला घेतो, पण आतापर्यंत सगळे भलतेच निघाले.